माड नसून सायकल

या, असे जवळ या. खांबाआड बसलात तर अर्धी गोष्ट खांबच ऐकून टाकील. पुढे सतरंजीवर जागा आहे, पेटीवाल्याच्या डाव्या हाताला. मोबाईल पालथा ठेवा, चपला कुठे काढल्या त्याची चिंता देवावर सोपवा, आणि थोडा वेळ कान माझ्याकडे द्या. चौलच्या दिनानाथ राऊतांनी एक झाड एका अंगणातून उचलून दुसऱ्या अंगणात नेलं, त्याची गोष्ट सांगतो. मध्ये हसू येईल, ते दाबू नका. शेवटी मात्र जरा गप्प बसायची तयारी ठेवा.

दिनानाथांनी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत बत्तीस वर्षं कागद हलवले. स्वतः कधी कंटेनरला हात लावला नाही, पण त्यांची सही झाली की चाळीस फुटी कंटेनर बंदरातून मुकाट्याने निघे आणि नागपूरला पोहोचे. त्यामुळे निवृत्त होताना त्यांनी भविष्यनिर्वाह निधीबरोबर एक ठाम समजूतही घरी आणली. ती अशी, की कागद चोख असला तर जगातली कोणतीही वस्तू कुठूनही कुठेही जाते. बाकी माणूस गोड. कपाळाला बुक्का, खिशात टाळांची जोडी, आणि पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की हे पहिल्या रांगेत. बुवांनी पूर्वरंग आटोपून नुसता श्वास घेतला तरी यांची मान डोलायची.

आणि बुवा म्हणजे शिवदासबुवा. वय त्र्याऐंशी, आवाज अजून साठीतला. रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि घरापुढे ते झाड.

गावात त्याला बुवांचा माड म्हणत. आपल्याकडे ज्याला फांद्या नाहीत आणि जे सरळ वर जातं ते माड, सुपारी नाहीतर विजेचा खांब. हे विजेचा खांब नव्हतं, सुपारीसारखं शिडशिडीत नव्हतं, म्हणून माड. खरं पाहता बुंधा सगळा खवल्याखवल्यांचा, जणू कोणी मगर उभी केली आहे. उंची दोन पुरुष. डोक्यावर पानांची गोल छत्री. पान लांबून झावळीसारखं, पण हात लावला की कंगव्यासारखं टोचणार. बुवांच्या पत्नीने, रंगूकाकींनी, ते लावलं होतं. त्यांचा भाऊ बोटीवर कामाला होता. त्याने मलबारच्या कुठल्याशा बंदरातून डालड्याच्या डब्यात ते रोप आणून दिलं, काकींच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मग चोपन्न वर्षं त्यांनी त्याला पाणी घातलं. वर्षाला चार बोटं वाढे, तेही मनात असलं तर.

त्याची एक तऱ्हा होती. इतर झाडांसारखं ते आज एक पान, उद्या एक पान असं करत नसे. वर्षभर गुमान राही, आणि चैत्राच्या सुमाराला डोक्यातून तीसचाळीस पानं एकदम वर काढी. फिकी पोपटी, मऊ, लोकरीतून काढल्यासारखी. आठदहा दिवसांत ती ताठ होऊन पसरत. तेवढे दिवस काकी झाडापाशी राखण करीत. कोणी बोट लावलं की पान कायमचं वाकडं होतं, म्हणून खुद्द बुवांनाही जवळ जायची बंदी. पानं उघडली की आळीत आंब्याची डाळ आणि पन्हं. त्याला त्या बारसं म्हणत. काकींना मूल नव्हतं. आळीतल्या काही बायका त्या बारशाला हसत, पण पन्हं पिऊन हसत.

काकी गेल्या, आणि पाच वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. बुवांच्या भिंतीवर पांढरी फुली पडली. बुवांनी उरणला भाच्याकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी देवळात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. आख्यान संपलं, आरतीचं तबक पुढे आलं, आणि बुवा सहज बोलावं तसं म्हणाले, “घर गेलं त्याचं वाईट वाटत नाही. ते मी बांधलं होतं, कसंतरीच होतं. झाड मात्र तिने वाढवलं.”

 दिनानाथांचे डोळे आख्यानापासूनच भरलेले होते. त्यांच्या पत्नी कमळताई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यामुळे सदरा मागे ओढायला कोणी नव्हतं. दिनानाथ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बुवा, तो माड मी माझ्या अंगणात आणतो. शब्द!”

टाळ्या पडल्या. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून दिनानाथांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “आण बाबा. त्याने तुझ्याकडे पान धरलं की मी येईन. त्याच्या सावलीत बसून एक कीर्तन करीन. तेवढं एकच मागणं उरलंय माझं.”

घरी येताना कमळताईंनी विचारलं, “अहो, झाड न्यायचं म्हणजे काय करायचं ठाऊक आहे का तुम्हाला?”

“अर्ज करायचा,” दिनानाथ म्हणाले.

पण अर्जात झाडाचं नाव लागतं. म्हणून ते पलीकडच्या आळीतल्या मनालीकडे गेले. ती अलिबागला राहून तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने बुवांच्या अंगणात जाऊन झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, “काका, हा माड नाहीच. हा सायकस. माडाशी याचं नातं नाही. याला फूलसुद्धा येत नाही. फार जुनं घराणं आहे हे.”

“राऊतांपेक्षा?”

“डायनासोरपेक्षा.”

दिनानाथ जरा मागे सरले. मनाली म्हणाली, “आणि ही मादी आहे. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आसपास नर नाही, म्हणून हिच्या बिया पोकळ. झाडात खोट काही नाही. आणि त्या बिया कोणी खाऊ नका, विषारी असतात.” मग तिने मुद्द्याचं सांगितलं. हलवण्याआधी सगळी पानं कापायची. हलवल्यावर वर्ष, दीड वर्ष, प्रसंगी दोन वर्षंही काही दिसणार नाही, नुसता खांब उभा राहील. तरी घाबरायचं नाही. मधूनमधून बुंधा दाबून बघायचा. टणक लागला, तर जिवंत आहे.

हे सगळं दिनानाथांनी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकलंच नव्हतं असं सांगायला मला फार आवडलं असतं.

अर्ज एका कचेरीत गेला. कचेरीचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत आणि चहा विचारतात. दिनानाथांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘सायकस जातीचा वृक्ष’. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तेच टंकलं. पण संगणकाला सायकस माहीत नव्हतं. त्याने समजूतदारपणे जवळचा शब्द घातला. तीन आठवड्यांनी गोल शिक्क्यासह परवानगी हातात पडली: ‘श्री. शिवदासबुवा यांच्या अंगणातील बारा फूट उंचीची सायकल मुळांसकट काढून श्री. दिनानाथ राऊत यांच्या अंगणात लावण्यास हरकत नाही.’

खाली तीन सह्या होत्या. म्हणजे तीन जबाबदार माणसांनी बारा फुटी, मुळं असलेल्या सायकलीला डोळ्यांदेखत जाऊ दिलं होतं. आणि चौथे दिनानाथ. शिक्का दिसला की मजकूर वाचायचा नाही, ही त्यांची बत्तीस वर्षांची सवय.

वाहनाची सोय बुवांचा भाचा दिपेश याने केली. त्याचा उरणला ट्रेलरचा धंदा. “काका, टेन्शन नाय घ्यायचा,” तो फोनवर म्हणाला. “मामाचा झाड हाय ना? गाडी भेजतो. क्रेन पण भेजतो. एकदम पोर्टवाला काम.”

काम पोर्टवालंच झालं. झाडासाठी चाळीस फुटी ट्रेलर आला. दयारामने, म्हणजे आमच्या वाड्यांतले नारळ उतरवणाऱ्या दयारामने, सगळी पानं कापली, मुळांचा मातीचा गोळा गोणपाटात बांधला, क्रेनने झाड अलगद उचललं आणि ट्रेलरवर आडवं निजवलं. चाळीस फुटांच्या त्या पाटावर ते असं दिसत होतं, जसं पंगतीच्या ताटात एकटं लोणचं. दिनानाथ ड्रायव्हरशेजारी हार घालून बसले, आणि गाडी शंभर पावलंही गेली नसेल तोच रस्त्याच्या ठेकेदाराचा मुकादम आडवा आला.

“कागद?”

दिनानाथांनी ऐटीत कागद दिला. मुकादमाने तो वाचला. मग झाडाकडे पाहिलं. मग पुन्हा वाचला.

“सायकल कुठाय?”

“कसली सायकल?”

“ह्या कागदावर सायकल आहे. आणि माझ्या यादीत इथे ‘माड, एक’ आहे. तो मी तोडायचा आहे. तोडल्याचा फोटो वर पाठवायचा आहे. तुम्ही माड पळवलात तर मी फोटो कशाचा काढू?”

“अहो, हा माड नाही!”

“मग ही सायकल आहे?”

दिनानाथांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बत्तीस वर्षांत त्यांच्या कागदाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. गर्दी जमली, कोणीतरी ट्रेलरमागून घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला, आणि त्या दिवसापासून दिनानाथ राऊतांना गावात नवं नाव पडलं. ते मी सांगायला नको.

पाच दिवस झाड ट्रेलरवर पडून राहिलं, नेमकं देवळासमोर. कमळताई सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर ओली पोती टाकून येत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बुंध्याला हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. पाचव्या दिवशी कचेरीतले साहेब स्वतः आले. चुकलेला कागद दुरुस्त करायचा तर वर पाठवावा लागणार, वरून यायला दोन महिने. तेव्हा त्यांनी दोन्ही कागदांचा मान राखणारा पंचनामा केला: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर माड हा माड नसून सायकल आहे.’ पाच पंचांनी सह्या केल्या. मुकादमाने ट्रेलरवरच्या झाडाचा फोटो काढला आणि समाधानाने बाजूला झाला.

पुढे राऊतांच्या आळीचं वळण. तिथे बैलगाडी जपून वळते. ट्रेलरने वळायचा प्रयत्न केला आणि परेशच्या होमस्टेची कमान सोबत घेतली. परेश म्हणजे दिनानाथांचा सख्खा शेजारी. वाडीत चार खोल्या बांधून मुंबईकरांना सुपारीची सावली भाड्याने देतो.

“काका, सीझनमध्ये?” परेश ओरडला. “आत पाहुणे आहेत! बाहेर कसे पडतील?”

“कमानीतूनच कशाला पडाय पायजे? भिंत पन पडलीय,” दयाराम म्हणाला.

शेवटी सोळा माणसांनी बांबूला बांधून झाड खांद्यावर घेतलं. सोबत टाळ होतेच. नामघोष करत मंडळी आळीत शिरली, तेव्हा समोरून येणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याने टोपी काढली, बाजूला उभा राहिला आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

सगळे हसले. दिनानाथही हसले.

झाड लागलं. मनालीने सांगितल्याप्रमाणे वाळू घातली, टेकू दिले. पण संध्याकाळी ती अलिबागला परत गेली आणि आळीतली माणसं तशीच होती. माडाला मीठ लागतं हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. तीन घरांतून तीन जण न सांगता आले आणि प्रेमाने आळ्यात खडेमीठ ओतून गेले. चौथ्याने तर उरणच्या मिठागरावरून मुद्दाम पोतं मागवलं. मनालीला कळलं तेव्हा ती फोनवर इतकी ओरडली की दिनानाथांनी मोबाईल कमळताईंच्या हातात दिला. दोन दिवस पंप लावून मीठ धुतलं. ते पाणी परेशच्या वाडीत उतरलं, आणि त्यावर जे बोलणं झालं ते या सतरंजीवर सांगण्यासारखं नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं.

एक महिना, तीन महिने, सहा महिने. पाऊस येऊन गेला. आळीतल्या कुंपणाच्या वाळक्या दांडक्यांनासुद्धा पालवी फुटली. अंगणात मात्र बारा फुटी करडा खांब. येणारा-जाणारा थांबे.

“सायकल काय म्हणते, दिनानाथराव?”

“पंक्चर आहे वाटतं!”

दिनानाथ बागेच्या नळाचं काही काम असल्यासारखं दाखवीत आणि आत जात. रोज पहाटे मात्र शिडी लावून शेंडा पाहून येत. शेंड्याला सुकलेल्या काटेरी खवल्यांचा गुच्छ, बस्स. दाबून बघायचं मात्र त्यांनी कधी केलं नाही. कमळताईंनी विचारलं तर म्हणाले, “उगाच कशाला त्रास द्यायचा त्याला?” खरं कारण त्यांना स्वतःला ठाऊक होतं. दाबलं आणि मऊ लागलं तर?

दर एकादशीला उरणहून बुवांचा फोन येई. तब्येतीची चौकशी, नामस्मरण, आणि शेवटी हळूच, “पान आलं का रे?”

“अजून नाही, बुवा.”

“असू दे. घाई नाही.”

असं दहा महिने झालं. मग एका एकादशीला बुवांचा आवाज अगदी बारीक आला. मागे दिपेश कोणाला तरी डॉक्टरचं सांगत होता. बुवांनी विचारलं, “पान आलं का रे?” आणि दिनानाथांच्या तोंडून निघून गेलं, “हालचाल आहे, बुवा. शेंड्याला हालचाल वाटते.”

पलीकडे बुवा हसले. तसं हसणं दिनानाथांनी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पुढच्या एकादशीला हालचालीची पानं झाली. त्याच्या पुढच्या एकादशीला ती वीतभर वाढली. माणसाला आनंद देणं इतकं सोपं असतं हे कळल्यावर हात आखडता घेणं कठीण जातं.

फाल्गुन सरता सरता दिपेशचा फोन आला. “काका, मामा रामनवमीला येतो बोलतो. कीर्तन करणार. डॉक्टर नको बोलला, पण तो ऐकत नाय. रोज पेटी काढून बसतो. काय जादू केली तुम्ही?”

दिनानाथांनी फोन ठेवला आणि ओटीवर बसून राहिले.

“सांगून टाका ना खरं,” कमळताई म्हणाल्या. “खांब आहे म्हणावं. बुवा काय मारणार आहेत तुम्हाला?”

“गावासमोर? वीतभर पानं सांगितलीत मी त्यांना.”

“मग वीतभर खोटं बोललात. ते सांगायचं.”

त्याच आठवड्यात परेश आला. बोलणं नरम, पण सोबत दोन बागाईतदार. “काका, राग मानू नका. उभा मेलेला माड म्हणजे गेंड्या भुंग्याचं घर. तुमच्या अंगणातून तो आमच्या माडांत येणार. आमचं पोट आहे त्यावर. दयारामला तरी दाखवा.”

दयारामला दाखवलं. त्याने कोयत्याच्या मुठीने बुंधा ठोकला, कान लावला, शेंड्याकडे पाहिलं. “काका, चाळीस वर्सं माडावर चढतोय. माडाला कोंब एकच. वर्सभर कोंब न्हाय, म्हंजे माड न्हाय. ह्यो मेला.”

“मनाली म्हणते दोन वर्षं...”

“ती बाय शिकलेली हाय. पन ती कधी चढलीय का?”

दिनानाथांच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते त्यांनी पुढे मला स्वतःच सांगितलं, म्हणून सांगतो. त्यांना वाटलं, भुंगा! पानं आली होती, भुंग्याने खाल्ली, वाडीच्या भल्यासाठी झाड काढावं लागलं. वीतभर पानंही खरी ठरतात, झाडालाही मानाचं मरण येतं, आणि बुवांना मेलेला खांब बघावा लागत नाही. मनालीला फोन करायला हवा होता. तो त्यांनी केला नाही, कारण ती काय म्हणेल हे त्यांना माहीत होतं.

रामनवमीच्या तीन दिवस आधी, सकाळी, दयाराम करवत घेऊन चढला. घराजवळचं झाड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवतात, तसा त्याने आधी शेंड्याखाली दोर बांधला आणि हातभर अंतर ठेवून करवत चालवली. करवत जड जाऊ लागली. भुसा पांढरा आणि ओला पडत होता.

“दयाराम, ओला कसा?” खालून दिनानाथांनी विचारलं.

दयारामने करवत थांबवली, पण तुकडा कापून झालाच होता. तो दोराला लटकून हळूहळू खाली आला, जमिनीला टेकला आणि कलंडला. वरचे वाळके खवले बाजूला झाले.

आत पानं होती. लोकरीसारख्या पिवळसर लवेत एकमेकांना बिलगून बसलेली, पोपटीसुद्धा न झालेली, दुधाळ. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक पाती, आणि प्रत्येक पात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली. तीसचाळीस तरी असतील. सगळी एकदम वर यायला तयार.

दयाराम खाली उतरला. त्याने बुंध्याला हात लावला, दाबला, पुन्हा दाबला. “काका,” तो म्हणाला, “ह्यो जिता हाय.”

मग त्याने करवत भिंतीला टेकवली आणि मजुरी न घेता निघून गेला. परेश कुंपणापलीकडे उभा होता. तोही आत गेला.

मनाली दुपारी आली. ओरडेल असं दिनानाथांना वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उकिडवं बसून पाहिलं आणि म्हणाली, “आठवडा. फार तर दहा दिवस लागले असते. रामनवमीला कदाचित नसतीच उघडली, काका. पण होती.” खाली उरलेल्या बुंध्याला तिने चुना लावला, वर कापड बांधलं. बाजूने कधीकधी नवा कोंब येतो म्हणाली. कधी, ते सांगता येत नाही. पुन्हा एवढं व्हायला साठेक वर्षं. दिनानाथ तेव्हा सहासष्टांचे होते.

रामनवमीला सकाळी बुवा आले. दिपेशने त्यांना गाडीतून जवळजवळ उचलूनच उतरवलं. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, हातात चिपळ्या. अंगणात त्यांची नजर आधी वर गेली, जिथे छत्री असायला हवी तिथे. मग खाली आली.

दिनानाथांनी दोन रात्री पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. “बुवा, त्याचं काय झालं, भुंग्याने...” आणि मग सगळं बाहेर पडलं. हालचाल, वीतभर पानं, फोन, दयाराम, करवत. कमळताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. “शेंडा आहे?” त्यांनी विचारलं.

कमळताईंनी ओल्या फडक्यात तो जपून ठेवला होता. बुवा ओटीच्या पायरीवर बसले, शेंडा मांडीवर घेतला आणि एका पानाची गुंडाळी तर्जनीने हलकेच सोडवली. ती सोडली की पुन्हा मिटे.

“इतकी लहान असताना मी कधी पाहिली नव्हती,” ते म्हणाले. “ती हात लावू द्यायची नाही.”

त्यांनी शेंडा पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळला. मग बुवा दिनानाथांकडे न बघता म्हणाले, “एकदा फोनवर म्हणायचंस रे, की नुसता खांब आहे. मी खांबाखाली बसलो असतो.”

कीर्तन झालं. माध्यान्हीचं ऊन होतं आणि सावली नव्हती, म्हणून परेशने स्वतःच्या होमस्टेची मोठी रंगीत छत्री आणली आणि सबंध वेळ बुवांच्या डोक्यावर धरून उभा राहिला. छत्रीवर कुठल्याशा सरबताची जाहिरात होती. बुवा जेमतेम वीस मिनिटं गायले. आवाज त्र्याऐंशीच्या पलीकडचा झाला होता. आषाढात ते गेले.

बुंधा अजून अंगणात आहे. दिनानाथ रोज पाणी घालतात आणि रोज अंगठ्याने दाबून बघतात. टणक लागतो. त्याला सायकल म्हटलेलं ते ऐकून घेतात, मेला म्हटलेलं नाही.

आता उठण्याआधी एक मागणं आहे. बुवांना लोक विसरणार नाहीत, त्यांची कीर्तनं फोनाफोनांत भरून ठेवलेली आहेत. दिनानाथांना तर गाव विसरूच देत नाही. पण विहिरीवरून चोपन्न वर्षं कळशी आणणाऱ्या बाईचा फोटोदेखील कोणाकडे नाही. पुढच्या चैत्रात तुमच्या घरी आंब्याची डाळ होईल. पहिला घास तोंडात घालण्याआधी, तेवढ्यापुरतं, रंगूकाकींना आठवा.